पन्नाशीनंतर वजन उचला

हिंजवडी आयटी पार्कचा विस्तार मुळशी तालुक्यातील माणच्या शिवारात पोचला. शेती आकसली, तशी अंगमेहनतही. ‘घरकामात दिवस जातो, वेगळा व्यायाम कशाला?’ हा बायकांचा प्रश्न मात्र कायम आहे. घरकामाने थकवा येतो. पण स्नायू बळकट व्हायला त्यांच्यावरचा भार टप्प्याटप्प्याने वाढवावा लागतो.

रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन घटते, हाडे वेगाने झिजतात, स्नायूही कमी होतात. मग साधे घसरणे खुब्याच्या फ्रॅक्चरवर जाते. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मधील २०२४च्या अभ्यासानुसार २०२२ मध्ये भारतातील ५७ टक्के प्रौढ स्त्रियांची शारीरिक हालचाल अपुरी होती, पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के.

उशीर झाला, असे कोणी मानू नये. बोस्टनमध्ये नव्वदीतल्या वृद्धांनी आठ आठवडे वजनांचा व्यायाम केला आणि त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. हे संशोधन १९९० मध्ये प्रसिद्ध झाले. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगते. पासष्टीनंतर तोल आणि ताकदीसाठी तीन दिवस.

मुळशी पैलवानांचा तालुका. २०२३ मध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली, प्रतीक्षा बागडी जिंकली. मुलींसाठी आखाडा खुला झाला. आता त्यांच्या आयांची पाळी. ग्रामपंचायतीने व्यायामशाळेत महिलांसाठी राखीव वेळ आणि प्रशिक्षिका द्यावी. आशा सेविकांनी खुर्चीतून उठबस, भिंतीवरचे जोर, पाण्याच्या बाटल्या उचलणे घरोघरी शिकवावे. रक्तदाब, गुडघेदुखी असलेल्यांची आधी तपासणी व्हावी.