रुमालाखालचा सौदा की हातोड्याचा ठोका?

#थ्रेड #इतिहास #मोटारींचा_इतिहास

१/ ऑगस्ट २०१८. कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे येथे आरएम सोथबीज या लिलावसंस्थेच्या मंचावर १९६२ सालची एक फेरारी २५० जीटीओ उभी राहिली. बोली ३ कोटी ५० लाख डॉलरपासून सुरू झाली आणि ४ कोटी ४० लाखांवर हातोडा पडला. त्याच वर्षी जूनमध्ये दुसरी एक २५० जीटीओ सुमारे ७ कोटी डॉलरना खासगीरीत्या विकली गेल्याची बातमी आली होती. पहिला व्यवहार भरलेल्या सभागृहाने पाहिला. दुसरा, व्यवहारात असलेले मोजके लोक वगळता, कोणीच पाहिला नाही.

२/ ‘जगातील सर्वांत महागड्या मोटारी’ अशा याद्यांत हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी मांडलेले दिसतात. इतिहासाच्या दृष्टीने ही चूक आहे. एक आकडा पावतीचा आहे, दुसरा वार्तेचा. संग्राह्य स्पोर्ट्स कार लिलावात विकावी की खासगीत, हा मालकाच्या सोयीचा प्रश्न असेल. परंतु त्या निवडीचा परिणाम इतिहासाच्या साधनांवर होतो आणि त्याची चर्चा फारच थोडी होते.

३/ हा भेद महाराष्ट्राला नवा नाही. बाजारपेठांत पूर्वी ‘हत्ता’ पद्धत चाले. दलाल आणि खरेदीदार रुमालाखाली हात घालत, बोटांच्या खुणांनी भाव ठरवत आणि ज्याचा माल असे तो शेतकरी बाजूला उभा राहून नुसता पाहत असे. पुढे नियंत्रित बाजारांनी उघड लिलावाचा आग्रह धरला, तो याच कारणासाठी. भाव सर्वांच्या कानावर पडला, तरच तो उद्या कोणाला तरी दाखला म्हणून वापरता येतो.

४/ आता या गाडीविषयी. फेरारीने १९६२ ते १९६४ या काळात तीन लिटर इंजिनाच्या अवघ्या ३६ जीटीओ बांधल्या. बारा सिलिंडर, सुमारे ३०० अश्वशक्ती आणि हेतू एकच : जीटी वर्गातील शर्यती जिंकणे. अमेरिकेत तिची किंमत सुमारे १८,००० डॉलर होती. पण पैसे मोजले की गाडी मिळे असे नव्हे; ग्राहकाला एन्झो फेरारी यांची पसंती लागे. म्हणजे जीटीओची पहिली विक्रीच मुळात खासगी आणि निवडक होती.

५/ शर्यतीची गाडी चार-पाच वर्षांत जुनी होते. जीटीओचेही तसेच झाले. ३५८९ जीटी या क्रमांकाची गाडी टेक्सासमधील एका शाळेला देणगी म्हणून मिळाली आणि तेथील विद्यार्थी तिच्यावर मोटारदुरुस्ती शिकले. १९७२ मध्ये ती ६,५०० डॉलरना विकली गेली. त्यानंतर अनेक वर्षे ओहायोतील एका शेतात ट्रेलरवर उघड्यावर पडून होती. आज अशी गाडी कोणी उन्हापावसात ठेवील, अशी कल्पनाही करवत नाही.

६/ मग वारे फिरले. १४ ऑगस्ट १९८८ रोजी एन्झो फेरारी यांचे निधन झाले. जपानमध्ये त्या काळी मालमत्तेच्या भावांना उधाण आले होते. १९८९ च्या सुमारास जीटीओचे भाव १ कोटी डॉलरच्या वर गेले आणि फुगा फुटल्यावर काही वर्षांतच त्याच्या लहानशा अंशावर उतरले. यांतील बहुतेक व्यवहार खासगी होते. त्यामुळे भाव नेमके केव्हा फिरले, कोणत्या आकड्यावर फिरले, हे आजही ठामपणे मांडता येत नाही. तेजीचा इतिहास सांगोवांगीचा उरला, मंदीचा तर त्याहून अधिक. तोटा झालेला माणूस सहसा बातमी देत नाही.

७/ लिलावाचा आकडा मात्र उलगडून पाहता येतो. २०१८ च्या त्या गाडीवर हातोडा ४ कोटी ४० लाखांवर पडला, पण नोंदलेली किंमत आहे ४ कोटी ८४ लाख ५ हजार डॉलर. मधले ४४ लाख ५ हजार डॉलर म्हणजे खरेदीदाराकडून लिलावसंस्थेने घेतलेला अधिभार : पहिल्या अडीच लाखांवर १२ टक्के आणि उरलेल्या रकमेवर १० टक्के. कोणीही कागद-पेन्सिल घेऊन हा हिशेब जुळवून पाहावा. ज्या आकड्याची अशी पडताळणी होते, त्यालाच साधन म्हणता येते.

८/ लिलाव आणखी एक काम करतो. तो गाडीचा जीवनवृत्तांत छापून जगापुढे ठेवतो. ऑगस्ट २०१४ मध्ये बॉनहॅम्सने कॅलिफोर्नियात ३८५१ जीटी ही जीटीओ विकली. ऑक्टोबर १९६२ मध्ये मोंलेरीच्या शर्यतीत याच गाडीत आंरी ओरेये यांचा मृत्यू झाला होता. १९४८ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये स्कीइंगची दोन सुवर्णपदके मिळवणारा हा फ्रेंच खेळाडू. गाडी दुरुस्त झाली, पुन्हा धावली आणि १९६५ मध्ये इटलीच्या फाब्रित्सिओ व्हिओलाती यांच्याकडे आली. २०१० मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत ती त्यांच्याकडेच राहिली.

९/ त्या गाडीला राखीव किंमत नव्हती. जी सर्वोच्च बोली येईल ती मान्य, असा करार होता. हातोडा ३ कोटी ४६ लाख ५० हजारांवर पडला. अधिभार धरून ३ कोटी ८१ लाख १५ हजार डॉलर झाले. लिलावातील मोटारीचा तो तेव्हाचा विक्रम. तरीही अनेकांनी नाक मुरडले, कारण आदल्याच वर्षी दुसरी एक जीटीओ खासगीत ५ कोटी २० लाखांना गेल्याची वार्ता होती. उघड, पडताळलेला आकडा एका न पाहिलेल्या आकड्यापुढे ‘कमी’ ठरला!

१०/ याचा अर्थ लिलाव निर्दोष आहे असा नाही. हातोडा पडतो तो त्या दिवशीच्या, त्या सभागृहातील आणि त्या दोन-तीन हट्टी माणसांच्या मनःस्थितीवर. राखीव किमतीपर्यंत बोली फुगवत नेण्याच्या युक्त्या जुन्या आहेत. गाडी विकली गेली नाही, तर ती बातमीही सर्वत्र पसरते आणि पुढची काही वर्षे तिच्याकडे संशयाने पाहिले जाते. शिवाय दोन्ही बाजूंचे अधिभार आहेतच. मालक लिलावाला बिचकतो, यात नवल नाही.

११/ खासगी विक्रीची बाजूही दुबळी नाही. तेथे विक्रेता गाडी कोणाच्या हाती द्यायची हे ठरवू शकतो. जीटीओचे मालक मोजके, बहुतेक एकमेकांना ओळखणारे. गाडी शर्यतीच्या रस्त्यावर धावावी की हवाबंद खोलीत राहावी, हे खरेदीदारावर अवलंबून असते. हातोडा मात्र फक्त पैसे पाहतो. कुटुंबाची संपत्ती चव्हाट्यावर येऊ नये ही इच्छाही रास्त आहे. गाडी महिनोन् महिने तपासता येते, अटी सावकाश लिहिता येतात. एवढे सगळे मान्य करावे लागते.

१२/ मान्य करता येत नाही ते एवढेच, की या गुप्ततेतून बाहेर झिरपलेला आकडा इतिहास म्हणून स्वीकारावा. तो आकडा सांगतो कोण? बहुधा विक्रेता, खरेदीदार किंवा दलाल. आणि तिघांनाही तो मोठा दिसण्यात रस असू शकतो. त्यात दुसरी एखादी गाडी बदल्यात दिली होती का, सुटे भाग वेगळे धरले होते का, दलाली कोणी भरली, यांतले काहीच कळत नाही.

१३/ खासगी सौद्याची खरी कागदपत्रे बहुधा भांडण झाल्यावरच उजेडात येतात. १९९० मध्ये ‘ओल्ड नंबर वन’ ही बेंटली स्पीड सिक्स १ कोटी पौंडांना विकण्याचा खासगी करार झाला. १९२९ आणि १९३० अशी सलग दोन वर्षे ल मां जिंकलेली ही गाडी. खरेदीदार कंपनीने मागे पाऊल घेतले : गाडीत मूळचे भाग जवळजवळ उरलेलेच नाहीत, मग ही ती गाडी कशी?

१४/ प्रकरण लंडनच्या न्यायालयात गेले. न्यायमूर्ती ऑटन यांनी जुलै १९९० मध्ये विक्रेत्याच्या बाजूने निकाल दिला. भाग बदलत गेले, सांगाडा बदलला, इंजिन बदलले. पण गाडीचा वापर आणि तिची ओळख यांची साखळी अखंड राहिली, म्हणून ती अस्सलच. अस्सलपणा लोखंडात नसून अखंड नोंदीत असतो, हे तत्त्व त्या निकालाने ठळक केले. करार सुरळीत पार पडला असता, तर ही सारी माहिती दोन कपाटांत बंद राहिली असती.

१५/ जीटीओचेही असे एक उदाहरण आहे. २०१७ मध्ये ३३८७ जीटी ही गाडी ४ कोटी ४० लाख डॉलरना खासगीत विकली गेली. तिचा मूळ गिअरबॉक्स गाडीपासून वेगळा, अमेरिकेत होता. तो मिळवून देण्याची जबाबदारी नेमकी कोणावर, यावरून वाद झाला आणि २०२० मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयात, पुढच्या वर्षी अपील न्यायालयात निकाल लागले. खासगी सौद्याची ही रक्कम आज खात्रीने सांगता येते, ती केवळ या वादामुळे.

१६/ लिलावात असे वाद होत नाहीत, असे समजण्याचेही कारण नाही. जून २०१४ मध्ये इंग्लंडमधील गुडवुड येथे १९५४ सालची एक फेरारी ३७५ प्लस १ कोटी पौंडांहून अधिक किमतीला विकली गेली. ती गाडी अनेक वर्षांपूर्वी ओहायोतून चोरीला गेलेली होती आणि मालकीचे जुने वाद मिटवल्याचे सांगून ती मंचावर आणण्यात आली होती. विक्रीनंतर प्रकरण पुन्हा न्यायालयात गेलेच. फरक इतकाच, की येथे आक्षेप घेणाऱ्याला आक्षेप घ्यायला जागा होती. सूची छापलेली होती, तारीख ठरलेली होती, वस्तू सर्वांसमोर होती.

१७/ आता सुरुवातीच्या दोन आकड्यांकडे परत यावे. ७ कोटी आणि ४ कोटी ८४ लाख. यावरून ‘खासगीत भाव जास्त मिळतो’ असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. ७ कोटींची म्हणून सांगितली जाणारी ४१५३ जीटी ही गाडी १९६३ मध्ये ल मां येथे चौथी आली आणि १९६४ ची टूर द फ्रान्स जिंकली. लिलावातल्या ३४१३ जीटीने १९६२ मध्ये इटलीत मोठे यश मिळवले, पण १९६४ मध्ये तिच्यावर नव्या धाटणीची बॉडी चढवण्यात आली. म्हणजे तुलना दोन बाजारांची नाही, दोन वेगळ्या गाड्यांची आहे. ३६ गाड्या म्हणजे ३६ चरित्रे. त्यांची सरासरी काढता येत नाही.

१८/ अलीकडे एक तिसरी वाट दिसू लागली आहे. ५ मे २०२२ रोजी श्टुटगार्टच्या मर्सिडीज-बेंझ संग्रहालयात १९५५ सालचे ३०० एसएलआर ‘उलेनहाउट कूपे’ विकले गेले. जगात अशा दोनच गाड्या. बोली लावण्यास फक्त निवडक निमंत्रितांना प्रवेश होता. किंमत मात्र नंतर जाहीर झाली : १३ कोटी ५० लाख युरो. रक्कम शिष्यवृत्ती निधीसाठी देण्यात आली. खरेदीदाराचे नाव पडद्याआड राहिले. दार बंद, पण आकडा उघड.

१९/ ही तडजोड संपूर्ण समाधानकारक नसली, तरी दिशादर्शक आहे. माणसाची गुप्तता आणि व्यवहाराची नोंद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मालकाचे नाव झाकूनही गाडीचा क्रमांक, तारीख, रक्कम आणि तिच्यासोबत दिलेले भाग यांची नोंद विश्वासू अभिलेखागारात ठेवता येते. हवे तर ती पंचवीस वर्षांनी खुली करावी. सरकारी दफ्तरे अशीच ठरावीक मुदतीनंतर खुली होतात.

२०/ ही अपेक्षा अवाजवी नाही. २०१९ मध्ये बोलोन्याच्या न्यायालयाने २५० जीटीओला कलाकृतीचा दर्जा मान्य केला. चित्र कोणाकोणाच्या हातून गेले हे विचारणे आज सर्वत्र प्राथमिक कर्तव्य मानले जाते. मोटार कलाकृती ठरत असेल, तर तोच प्रश्न तिलाही विचारला गेला पाहिजे. कलाकृतीचा मान आणि त्यासोबतची किंमत घ्यायची, पण नोंदीची जबाबदारी नाकारायची, हे न्यायाला धरून नाही.

२१/ वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, तेव्हा बखरींच्या विश्वसनीयतेवरच बोट ठेवले आणि अस्सल कागद पुढे केला. बखर टाकाऊ नसते. ती कोणी, केव्हा आणि कोणासाठी लिहिली हे पाहून वाचायची असते. खासगी विक्रीचा आकडा ही मोटारींच्या इतिहासातील बखर आहे. तो नोंदवावा, पण पावतीच्या रांगेत बसवू नये.

२२/ म्हणून नव्या अभ्यासकांनी एक साधा नियम पाळावा. कोणतीही ‘विक्रमी’ किंमत दिसली की तीन गोष्टी पाहाव्यात : आकडा कोणी सांगितला, त्यात अधिभार धरला आहे का आणि गाडीचा क्रमांक दिला आहे का. तिन्ही उत्तरे मिळाली तर आकडा यादीत घ्यावा. न मिळाल्यास शेजारी ‘सांगितले जाते’ एवढे दोन शब्द लिहावेत.

२३/ मालकाने आपली गाडी कशी विकावी, हे त्याने ठरवावे. रुमालाखाली हात घालण्यास कोणाची हरकत नाही. परंतु गाडी मालकापेक्षा अधिक काळ जगते. ओरेये यांचा शेवटचा दिवस, टेक्सासच्या मुलांनी आवळलेले नट-बोल्ट, ओहायोच्या शेतातला पाऊस, हे सगळे आज ठाऊक आहे, कारण कोणीतरी ते लिहून ठेवले आणि कोणीतरी ते छापले. पुढच्या पन्नास वर्षांत या ३६ गाड्यांचे काय झाले, हे सांगणारा कागद उरेल की नाही, एवढाच प्रश्न आहे. #थ्रेड_समाप्त