राहत मंझिलचा दगड

दिल्ली पाहून आलेल्या मराठी कुटुंबाच्या सामानात करोल बागेतली एखादी तरी पिशवी निघतेच. लग्नाचा घागरा, मुलांचे बूट, निदान गफ्फार मार्केटमधून घासाघीस करून आणलेले मोबाईलचे कव्हर. सोमवारी दुकाने बंद असतात, तर त्या दिवशी पदपथावर पटरी बाजार भरतो. इतकी माणसे रोज इथे येतात आणि जातात, पण ‘यात बाग कुठली?’ असे मला आजवर एकाच पाहुण्याने विचारले. ते माझे मामा. नऊ वर्षे या भागात राहूनही मला त्यांना उत्तर देता आले नाही. बाग नाही मामा, नुसते नाव उरले आहे, एवढेच म्हणाले.

या आठवड्यात खरे तर मी दूरच्या एका गावाविषयी लिहिणार होते. लिथुआनियातले शेदुवा. तिथे ज्यूंच्या नाहीशा झालेल्या वस्तीचे संग्रहालय २०२५ मध्ये उघडले. टिपणे काढून झाली होती, मथळाही सुचला होता. तेवढ्यात आमच्या जुन्या घराचा दगड निघाला आणि विषय बदलला.

घर ‘आमचे’ म्हणजे भाड्याचे. पत्ता डब्ल्यू.ई.ए. ही तीन अक्षरे इथल्या किती तरी पत्त्यांत असतात; अर्थ विचाराल तर पोस्टमनही डोके खाजवतो. वेस्टर्न एक्स्टेन्शन एरिया, म्हणजे दिल्ली शहराची पश्चिमेकडे केलेली वाढ. आम्ही वरच्या मजल्यावर राहत होतो, खाली घरमालकीण. त्यांना सगळी गल्ली बीजी म्हणते, आम्हीही. बीजींच्या मुलाने घर बिल्डरला दिले. जुने दुमजली घर पाडून तिथे चार मजले उठणार. त्यांनी आणि आम्ही शेजारच्या गल्लीत तात्पुरते बिऱ्हाड केले.

पाडकाम सुरू झाल्याच्या चौथ्या दिवशी पुढच्या दारावरचे प्लास्टर कोसळले आणि आतून लाल दगडाची एक पट्टी दिसली. तिच्यावर उर्दू अक्षरे कोरलेली. मजुरांनी बीजींच्या मुलाला बोलावले, त्याने कपाळाला आठ्या घालून फोटो काढला, आणि फोटो बीजींपर्यंत पोचला. त्यांना उर्दू येत नाही, पण दगड पाहिल्याबरोबर त्या म्हणाल्या, “राहत मंझिल. माझे सासरे वाचून दाखवायचे. खाली १९३६ आहे बघ.” होते.

आता हे घर १९३६ मध्ये कोणासाठी राहत, म्हणजे विसावा, होते, हे समजून घ्यायचे तर आणखी मागे जावे लागते.

१२ डिसेंबर १९११ रोजी दिल्ली दरबारात पाचव्या जॉर्जने राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला हलवल्याची घोषणा केली. नवी राजधानी वसवायची म्हणजे जागा हवी, आणि जागेवर माणसे होतीच. आज जिथे कॅनॉट प्लेसच्या पांढऱ्या खांबांखाली आपण आइस्क्रीम खातो, तिथे माधोगंज, जयसिंगपुरा, राजा का बाजार अशा वस्त्या होत्या. तिथल्या लोकांना उठवून पश्चिमेच्या खडकाळ, झुडपी रानात आणून वसवले गेले. ते रान म्हणजे करोल बाग. इथली पहिली मोठी वस्तीच मुळी विस्थापितांची. कातडी कमावणाऱ्या रैगर समाजाची वस्ती झाली ते रेगरपुरा. त्या वेळचे डेप्युटी कमिशनर बीडन साहेब यांचे नाव बीडनपुऱ्याला मिळाले. हटवलेल्यांच्या वस्तीला अधिकाऱ्याचे नाव देण्याची रीत जुनीच दिसते.

पण करोल बागेला खरे रूप आले ते एका हकिमामुळे. हकीम अजमल खान हे जुन्या दिल्लीतल्या नामवंत वैद्यकी घराण्यातले. आयुर्वेद आणि युनानी एकाच छपराखाली शिकवणारे तिबिया कॉलेज त्यांनी इथे उभारले. २९ मार्च १९१६ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग यांनी पायाभरणी केली आणि १३ फेब्रुवारी १९२१ रोजी उद्‌घाटन केले महात्मा गांधींनी. मधल्या पाच वर्षांत देश किती बदलला हे या दोन नावांवरूनच कळते. गांधीजी गोड बोलून मोकळे झाले नाहीत. समोर बसलेल्या वैद्य-हकिमांना त्यांनी पाश्चात्त्य शास्त्रज्ञांची संशोधक वृत्ती घेण्यास सांगितले. हकीमसाहेबांनी ते मनावर घेतले म्हणायचे, कारण त्यांनी सलीमुज्जमाँ सिद्दीकी या तरुण रसायनशास्त्रज्ञाला तिबियात संशोधनासाठी आणले. त्याने पुढे सर्पगंधेतून एक द्रव्य वेगळे केले आणि गुरूची आठवण म्हणून त्याला ‘अजमलीन’ नाव दिले. हृदयाच्या ठोक्यांच्या तक्रारींवर ते आजही डॉक्टरांना ठाऊक आहे. करोल बागेत घागरे घेताना हे कोणाच्या ध्यानीमनी नसते, पण ज्या रस्त्यावर घागरे मिळतात तो अजमल खान रोड त्यांचाच.

१९२५ मध्ये जामिया मिलिया इस्लामिया ही संस्था अलीगढहून करोल बागेत आली, तीही हकीमसाहेबांच्या आधाराने. राष्ट्रीय शिक्षण देणारी, सरकारी पैसा न घेणारी, त्यामुळे कायम ओढगस्तीची संस्था. भाड्याच्या घरांत वर्ग भरत. १९२७ च्या डिसेंबरात हकीमसाहेब गेले तेव्हा तिचे कसे होणार अशी वेळ आली. जर्मनीहून शिकून आलेल्या झाकीर हुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तुटपुंज्या पगारावर ती जगवली. हेच झाकीर हुसेन पुढे राष्ट्रपती झाले. प्रेमचंदांची ‘कफन’ ही कथाही पहिल्यांदा छापली गेली ती याच जामियाच्या उर्दू मासिकात, डिसेंबर १९३५ मध्ये. १९३६ मध्ये जामिया ओखल्याला नव्या जागेत जाऊ लागली; छापखाना, ग्रंथालय आणि पुस्तकांची मकतबा तेवढी मागे राहिली.

म्हणजे ‘राहत मंझिल’ बांधली गेली ती अशा शेजारात. आसपास हकीम, शिक्षक, कारकून, पुस्तकविक्रेते. मुसलमान होते, हिंदू होते. सरकारी नोकरीसाठी आलेली तमिळ आणि बंगाली कुटुंबे होती, मराठीही होती. दगडावर मालकाचे नाव नाही, फक्त घराचे आहे. तो कोण होता हे सांगणारे आता या गल्लीत कोणी नाही.

सप्टेंबर १९४७. पंजाबातून निर्वासितांचे लोंढे दिल्लीत येत होते, अंगावर जखमा आणि मनात सूड घेऊन. महिन्याच्या पहिल्याच आठवड्यात करोल बाग, पहाडगंज, सब्जी मंडी पेटली. करोल बागेतल्या मुसलमानांनी घरे सोडली. दिल्लीतले हजारो मुसलमान पुराना किल्ला आणि हुमायूनच्या कबरीच्या आवारात उघड्यावर पडले. जामियाच्या मकतब्याला आग लागली, पुस्तके जळाली. याच दिवसांत करोल बागेत डॉ. एन. सी. जोशी या नावाजलेल्या शल्यविशारदांचा गोळी लागून मृत्यू झाला. जोशी हे आडनाव कोकणापासून कुमाऊँपर्यंत आहे, आणि गोळीने ते विचारले नसावे. त्यांच्या नावाचे रुग्णालय आणि जोशी रोड आजही इथे आहेत.

जानेवारी १९४८ मध्ये गांधीजींनी दिल्लीत शेवटचे उपोषण केले. ते सोडवण्यासाठी १८ जानेवारीला सर्व पक्षांच्या पुढाऱ्यांनी लेखी वचन दिले. त्यात एक कलम असे होते की मुसलमानांना सब्जी मंडी, करोल बाग, पहाडगंज या भागांत पूर्वीसारखे निर्धास्त फिरता येईल. आमच्या गल्लीचे नाव त्या कागदात आहे हे मला हे लिहायला बसेपर्यंत माहीत नव्हते. वचनानंतर बाराव्या दिवशी गांधीजींची हत्या झाली.

दिल्लीतून सुमारे सव्वातीन लाख मुसलमान गेले आणि जवळजवळ पाच लाख निर्वासित आले. १९४१ ची सव्वानऊ लाखांच्या आतली दिल्ली १९५१ मध्ये साडेसतरा लाखांच्या घरात गेली. सोडून गेलेल्यांची घरे ‘इव्हॅक्युई प्रॉपर्टी’ ठरून कस्टोडियनच्या ताब्यात आली. निर्वासितांनी पाकिस्तानात काय मागे सोडले त्याचे दावे भरायचे, ते तपासले जायचे, आणि १९५४ च्या कायद्यानुसार भरपाई मिळायची. रोख किंवा अशाच एखाद्या घराच्या रूपाने. ‘क्लेम’ हा शब्द त्या पिढीच्या पंजाबी घरांत आपल्याकडच्या ‘सातबारा’सारखा ऐकू येतो. बीजींच्या सासऱ्यांना लायलपूरच्या घराच्या आणि दुकानाच्या बदल्यात हे घर मिळाले. बीजी स्वतः आठ वर्षांच्या असताना आईबरोबर सीमेपलीकडून आल्या, आणि १९५८ मध्ये लग्न होऊन या घरात.

“सासऱ्यांनी दगड काढला का नाही?” मी विचारले.

“काढायला माणूस आणला होता,” बीजी म्हणाल्या. “सासूबाईंनी परत पाठवला. म्हणाल्या, लायलपूरला आपल्या दारावर तुमच्या वडिलांचे नाव आहे, तेही कोणी काढत असेल आता. मग सासऱ्यांनी वरून प्लास्टर मारून घेतले. दोघांचेही ऐकले म्हणायचे.” सासरे शेवटपर्यंत ‘मिलाप’ हे उर्दू दैनिक वाचत. लाहोरचे ते वृत्तपत्रही फाळणीत दिल्लीला आलेले. म्हणजे दारावरचे नाव त्या घरात एकट्या त्यांनाच वाचता येत होते, आणि तेच त्यांनी झाकले.

आता शेदुवाविषयी. तिथल्या ज्यूंना ऑगस्ट १९४१ मध्ये नाझींनी आणि त्यांच्या स्थानिक साथीदारांनी जवळच्या जंगलात नेऊन मारले. संग्रहालय उभे राहण्याआधी तिथे ज्यूंचे जुने कब्रस्तान साफ करण्यात आले; पडलेले, मातीत गेलेले शेकडो दगड उभे केले गेले, त्यांवरची अक्षरे वाचून घेतली गेली. करोल बाग आणि शेदुवा एका मापाने मोजणे बरोबर नाही. तिथे अख्खी वस्ती ठरवून संपवली. इथे बरीच माणसे मेली, पण पुष्कळशी जीव वाचवून पलीकडे पोचली; ‘राहत मंझिल’वाल्यांची पणतवंडे कराचीत किंवा लाहोरात असतीलही. आणि इथे त्यांच्या घरात जे आले ते स्वतःच घरातून हाकललेले होते. बीजींच्या सासूबाईंना दगड का काढवला नाही, हे शेदुवाच्या टिपणांत मला सापडले नसते.

दगड उतरवण्याचा प्रश्न होता. बिल्डरचा मुकादम म्हणाला, मलब्यात जाईल, नाहीतर आजच्या आज उचला. बीजींचा मुलगा दोन दिवस काहीच बोलला नाही. माझ्या ओळखीचे बीडनपुऱ्यातले गलाईवाले अण्णा, त्यांना मी फोन केला. वाचकांपैकी सांगली-विट्याकडच्यांना गलाई सांगायला नको. जुने सोने-चांदी वितळवून शुद्ध करण्याचा धंदा. खानापूर, आटपाडी या दुष्काळी तालुक्यांतली माणसे त्यासाठी देशभर पांगली आहेत, आणि करोल बागेच्या सराफ्यातही त्यांच्या भट्ट्या आहेत. अण्णांनी दोन पोरे पाठवली. “ताई, धरायचं कुठनं सांगा,” म्हणत त्यांनी तो अलगद उतरवून हातगाडीवर ठेवला. मागोमाग अण्णा स्वतःच आले. अक्षरांवरून बोट फिरवून म्हणाले, “कोरीव काम चांगलं हाय. आमच्याकडं बी मोडीत दागिने येत्यात त्यांवर नावं असत्यात. कुणाच्या आजीचं, कुणाच्या आईचं. मी मुशीत टाकायच्या आधी एकदा वाचतो. का वाचतो ते नाही सांगता यायचं.”

मग ते मुलाला म्हणाले, नव्या इमारतीत जिन्याच्या भिंतीत बसवून टाका की. मुलगा म्हणाला, चार मजल्यांवर चार मालक असणार, एकाला जरी हे उर्दू नाव नको वाटले तर? फ्लॅट विकायचे आहेत. त्याचे म्हणणे मी धुडकावून लावू शकत नाही. आजचे वारे त्यालाही कळतात, मलाही. बीजी त्याच्याशी वाद घालत नाहीत. पण नव्या घराच्या नकाशावर अजून त्यांनी सही केलेली नाही. पेन सापडत नाही म्हणतात.

दगड सध्या आमच्या भाड्याच्या गॅलरीत आहे, भिंतीला टेकवून, गोणपाटात गुंडाळलेला. बीजी रोज संध्याकाळी फोन करतात. आधी आमच्या मुलाच्या खोकल्याची चौकशी होते, मग हळूच विचारतात, “त्याच्यावर पाऊस तर येत नाही ना?”