पट्टी वाचता न येणारी शाळा

गेल्या कापसाच्या हंगामात आमच्या वर्गात एक गोष्ट घडली. पाचवीतील एका मुलाने पुस्तकातील धडा घडाघडा वाचला. नंतर आम्ही त्याच्या बापाला मिळालेली कापसाच्या वजनाची पट्टी त्याच्याच हाती दिली आणि विचारले, "बाळा, हमाली-तोलाई वजा जाता घरी किती रुपये आले?" पोर गप्प. बापही बाजारात असाच गप्प राहून देतील तेवढे पैसे घेतो. पाच वर्षे शिकून मुलगा बापाच्याच जागी उभा राहणार असेल, तर त्या शिक्षणाचा उपयोग काय?

हा दोष प्रथम आमचा आहे. धडा संपविणे म्हणजे शिकविणे, असे आम्ही समजत आलो.

वास्तविक वाट फार पूर्वी दाखविली गेली आहे. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे सांगितले की, बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा; शिक्षक शिकून तयार झालेले असावेत, शेतकऱ्यांच्या वर्गातून यावेत आणि नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हाती धरावयास त्यांस लाज वाटू नये. अशा शिक्षकास पोटापुरता पगार द्या, असेही त्यांनी बजावले.

पुढे आमच्याच वर्ध्यात २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी शिक्षण परिषद भरली. गांधीजी अध्यक्ष होते. सात वर्षे मोफत व सक्तीचे शिक्षण, तेही मातृभाषेतून आणि एखाद्या उद्योगाच्या आधारे, असे तेथे ठरले. झाकीर हुसेन यांच्या समितीने अभ्यासक्रम आखला. सूत मोजताना गणित, कापूस पिकविताना जमीन व पाऊस यांचे ज्ञान, असा तो विचार होता.

मग ही नई तालीम मागे का पडली? आमच्या मते कारणे दोन. एक, ती शिकवू शकणारे शिक्षक पुरेसे तयार झाले नाहीत. पुष्कळ ठिकाणी टकळी हा नुसता आणखी एक तास झाला. दुसरे, पैकेवाल्यांची पोरे दुसऱ्याच शाळांत जात राहिली आणि नोकरीचे दार त्या शाळांतूनच उघडे राहिले. तेव्हा कुणबी, तेली, सुतार म्हणाले, "उद्योग तर घरीच आहे, त्यासाठी शाळा कशास?" त्यांचे काय चुकले? हाताचे काम एका वर्गाच्या मुलांस आणि पुस्तक दुसऱ्या वर्गाच्या मुलांस, अशी वाटणी आम्हांस मान्य नाही. दोन्ही गोष्टी सर्वांस मिळाल्या पाहिजेत.

आज कायदा आपल्या बाजूस आहे. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. पहिली ते पाचवीत तीस मुलांमागे एक शिक्षक असावा, आणि जनगणना, निवडणूक व आपत्ती यांखेरीज मास्तरांस शाळेबाहेरच्या कामास जुंपू नये, असे तो सांगतो. शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सभासद पालक असावेत व निम्म्या स्त्रिया असाव्यात, असेही त्यात आहे. परंतु समितीच्या वहीवर सही करून घरी जाणारा पालक हा कायदा जिवंत कसा ठेवणार?

बंधुभगिनींनो, इमारतीचा रंग आणि गणवेश यांवर समाधान मानू नका. पुढील सभेस कापसाची पट्टी, विजेचे बिल किंवा सातबारा घेऊन या. आपल्या मुलाकडून आणि मुलीकडूनही तो सर्वांसमक्ष वाचवून घ्या. वाचता आला नाही तर मुलास मारू नका. आम्हांस जाब विचारा. आणि आमचा वेळ कागद भरण्यात जात असेल, तर तो जाब आमच्यासह वरपर्यंत न्या.

त्या मुलास आम्ही आता रोज एक पट्टी सोडवावयास देतो. परवा त्याने बापाच्या जुन्या पट्टीत बेरजेची चूक काढली. बाप ती घडी करून बाजारात घेऊन गेला आहे.