सही जुळली, तरी हिशेब पुरा नाही



बँकेत चेक पास करताना कारकून काय करतो? चेकवरची सही नमुना सहीशी ताडून पाहतो. चेक आणणारा कितीही सभ्य दिसो, सही जुळलीच पाहिजे. आज ज्या यंत्राची ओळख करून द्यायची आहे, तेही हेच काम करते. फक्त ते माणसाची नव्हे, पदार्थाची सही पाहते.

अमेरिका आणि कॅनडात फेंटानिल नावाच्या औषधाने हजारो घरे उद्ध्वस्त केली. हे औषध मुळात वाईट नाही. बेल्जियमचे पॉल यान्सेन यांनी ते १९६० च्या सुमारास तयार केले. शस्त्रक्रियेत व कॅन्सरच्या असह्य वेदनांवर डॉक्टर ते आजही वापरतात. पण ते अफूतल्या मॉर्फीनपेक्षा ५० ते १०० पट जहाल आहे. अवघ्या २ मिलिग्रॅमने, म्हणजे मिठाच्या काही कणांएवढ्या पुडीने, सवय नसलेल्या माणसाचा श्वास बंद पडू शकतो. चोरबाजारात ते हेरॉइनमध्ये मिसळले गेले, नकली गोळ्यांत भरले गेले. घेणाऱ्याला त्याचा पत्ताही नसे. २०२२ साली अमेरिकेत अमली पदार्थांच्या अतिसेवनाने १ लाखाहून अधिक माणसे मेली. त्यांतील दर तीन मृत्यूंपैकी सुमारे दोन मृत्यूंत अशी कृत्रिम द्रव्ये होती.

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने एप्रिल २०१६ मध्ये आरोग्य आणीबाणी जाहीर केली. पुढच्याच वर्षी व्हँकुव्हर शहरातील केंद्रांवर अवरक्त किरणांचे वर्णपटमापक यंत्र बसले. चिमूटभर पूड त्यावर ठेवायची. प्रत्येक पदार्थाचे रेणू आपापल्या ठराविक लयीत थरथरतात आणि त्यानुसार ठराविक किरणे शोषून घेतात. त्यातून उमटणारी नागमोडी रेघ म्हणजे त्या पदार्थाची सही. संगणक ती नमुन्यांशी ताडतो आणि काही मिनिटांत उत्तर मिळते.

दुसरे यंत्र लेसर प्रकाश टाकून विखुरलेला प्रकाश वाचते. पारदर्शक पिशवी न उघडताही ते काम करू शकते. त्यामागचा शोध आपल्या देशातला आहे. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी तो २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कोलकात्यात लावला आणि १९३० चे नोबेल मिळवले.

आता हिशेबातली खोच पाहा. अवरक्त यंत्राला साधारण १०० भागांत ५ भागांपेक्षा कमी असलेला पदार्थ सहसा दिसत नाही. १०० मिलिग्रॅमच्या गोळीत २ मिलिग्रॅम फेंटानिल असेल तर ते २ भागच झाले. यंत्र गप्प राहील, आणि माणूस मरेल! म्हणून तिथे सोबत कागदी चाचणीपट्टीही वापरतात. पट्टी अगदी थोडे फेंटानिलही पकडते, पण किती आहे ते सांगत नाही. शिवाय नायटाझीन नावाची नवी जहाल द्रव्ये त्या पट्टीला ओळखताच येत नाहीत. तात्पर्य, 'काही सापडले नाही' याचा अर्थ 'धोका नाही' असा होत नाही.

अशी तपासणी करून देणे म्हणजे व्यसनाला उत्तेजन नव्हे काय, असे कुणी विचारील. आईबापांच्या मनात हा प्रश्न येणारच. माझे उत्तर साधे आहे. जिवंत मुलाचे व्यसन सोडवता येते, मेलेल्याचे नाही.

आपल्याकडे प्रश्न वेगळ्या वेषात येतो. ट्रामाडॉल ही वेदनाशामक गोळी नशेसाठी वापरली जाऊ लागली, म्हणून २०१८ साली सरकारने ती अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणली. तेव्हा चिठ्ठीशिवाय सुटी गोळी घेऊ नका. मित्राने दिलेली तर नाहीच नाही. घरात कुणी गोळीनंतर उठत नसेल, श्वास मंद झाला असेल, ओठ निळे पडले असतील, तर 'झोपू द्या' म्हणू नका. ताबडतोब १०८ ला फोन करा आणि काय घेतले ते डॉक्टरांना खरे सांगा. नॅलोक्सोन हे उतारा औषध वेळेवर मिळाले तर श्वास परत येऊ शकतो. व्यसनमुक्तीच्या सल्ल्यासाठी १४४४६ हा मोफत क्रमांक आहे.

लाज बाळगून लपवाल, तर मुलगा हातचा जाईल. यंत्र पदार्थाची सही ओळखते. मुलाच्या चेहऱ्यावरचा बदल मात्र आपल्यालाच ओळखावा लागेल.