माप कुणाच्या हाती?

सकाळी दारात घंटागाडी येते ती महापालिकेच्या नावाची, पण तिचा चालक ठेकेदाराचा. विजेच्या मीटरचा फोटो काढून नेणारा तरुण ठेकेदाराचा. सरकारी रुग्णालयाच्या फाटकावरचा रखवालदार, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका, टोलनाक्यावरची खिडकी, मुलीने दिलेल्या भरती परीक्षेची उत्तरपत्रिका तपासणारे यंत्र, सगळे ठेक्याचे. सामान्य कुटुंबाला सरकार भेटते ते बहुधा असे, दुसऱ्याच्या गणवेशात. पूर्वी याला मक्ता म्हणत, मग ठेका आणि कंत्राट म्हणू लागले, आता आउटसोर्सिंग म्हणतात. शब्द बदलला की जुन्या शब्दाला चिकटलेली बदनामी आपोआप धुऊन निघते. या सोयीचा लाभ सर्व पक्षांच्या सरकारांनी सारखाच घेतला आहे.

या विषयावरची चर्चा लगेच सरकारी विरुद्ध खासगी अशा वळणावर जाते आणि तिथेच अडकते. ठेकेदार तेवढा चोर, असे मानणारे एकीकडे आणि खासगी तेवढे कार्यक्षम, असे मानणारे दुसरीकडे. दोघेही एक साधा प्रश्न विचारायचे विसरतात. काम किती झाले, हे मोजतो कोण? ज्याला मोजणीप्रमाणे पैसे मिळायचे आहेत त्याच्याच हातात तराजू असेल, तर करार कितीही कडक शब्दांत लिहिला तरी काय उपयोग?

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. पेशवाईत मामलेदाराच्या कचेरीत दिवाण, मुजुमदार, फडणीस, पोतनीस असे दरकदार बसत. त्यांची नेमणूक वरून होई, मामलेदाराला त्यांना काढून टाकता येत नसे, आणि त्यांच्या नजरेखालून गेल्यावाचून हिशेब पुढे सरकत नसे. म्हणजे खर्च करणारा एक आणि तो लिहून ठेवणारा दुसरा. आणि हा दुसरा पहिल्याचा नोकर नाही. त्या काळी सर्व काही निर्मळ होते असे नव्हे. ‘अंतस्थ’ आणि ‘दरबारखर्च’ हे शब्द त्याच दफ्तरांतले आहेत! पण निदान रचना तरी शहाणपणाची होती. दुसऱ्या बाजीरावाने मामलती चढ्या बोलीने मक्त्याला देण्याचा सपाटा लावला, तेव्हा तिचा कणाच मोडला. मक्त्याची रक्कम सरकारात आली की मक्तेदाराने रयतेकडून किती उकळले, हे मोजण्याची गरज कुणालाच उरली नाही. एल्फिन्स्टनने १८१९ सालच्या आपल्या अहवालात या पद्धतीवर कडक ताशेरे ओढले. तो जेता होता, तेव्हा त्याचे म्हणणे थोडे तोलूनच घ्यावे. परंतु मक्त्याविषयीची त्याची तक्रार खोटी नव्हती.

इंग्रजी अमदानीत बांधकाम खाते आले आणि त्याबरोबर ‘मेजरमेंट बुक’ आले. खात्यातली माणसे त्याला नुसते ‘एम. बी.’ म्हणतात. दिसायला अगदी सामान्य वही, पण तिचे नियम पाहण्यासारखे आहेत. पानांवर छापील क्रमांक. एकही पान फाडायचे नाही. नोंद शाईने करायची. चूक झाली तर खोडरबर चालवायचे नाही. आकडा वाचता येईल असा काटायचा, दुरुस्ती करायची आणि शेजारी सही करायची. मोजमाप जागेवर जाऊन घ्यायचे, आणि त्यातला काही भाग वरिष्ठाने स्वतः पुन्हा मोजून पाहायचा. ठेकेदाराचे बिल निघते ते या वहीवरून. माझ्या मते दरकदाराची खरी वारस कोणती असेल तर ही वही. पुढे केंद्रीय बांधकाम खात्याने संगणकीय मोजमापाची अशी पद्धत आणली, जिच्यात मोजमाप ठेकेदाराने सादर करायचे आणि अभियंत्याने त्याची तपासणी करायची. सोय म्हणून हा बदल समजण्यासारखा आहे. परंतु तराजू एका हातातून दुसऱ्या हातात गेला, याची म्हणावी तशी चर्चा झाली नाही.

मोजणी सुटली म्हणजे काय होते, हे मुंबईने चांगलेच पाहिले आहे. कचरा वाहणाऱ्याला टनावर पैसे द्यायचे ठरले, तेव्हा कचऱ्याबरोबर माती आणि राडारोडाही गाडीत चढू लागला, कारण काट्याला केळीची साल आणि विटेचा तुकडा यांतला फरक कळत नाही. पुढे नालेसफाईचे प्रकरण निघाले. २०१५ साली गाळाच्या फेऱ्या आणि वजने यांच्या नोंदींची चौकशी झाली आणि काही ठेकेदार काळ्या यादीत गेले. गाळ हा असा माल आहे, की तो खरोखर काढला की नाही हे पहिल्या मोठ्या पावसापर्यंत कळत नाही. आणि तोवर बिल बहुधा निघालेले असते.

यावर उपाय म्हणून त्रयस्थ तपासणीचा तोडगा निघाला. महापालिकेकडे अभियंते कमी, म्हणून तपासणीच बाहेरच्या संस्थेला द्यायची. म्हणजे ठेकेदारावर लक्ष ठेवायला आणखी एक ठेकेदार! २०१६ साली मुंबईतल्या रस्त्यांच्या कामांतला गैरव्यवहार बाहेर आला, तेव्हा पोलिसांनी आरंभीच ज्यांना पकडले त्यांत या त्रयस्थ तपासनीस संस्थांची माणसे होती. रस्ते आणि दक्षता या दोन्ही विभागांच्या प्रमुख अभियंत्यांना निलंबित करण्यात आले. तपासनीसाची फी आणि ठेकेदाराचे बिल एकाच टेबलावरून निघत असेल, तर ‘त्रयस्थ’ या शब्दात कितीसा अर्थ उरतो?

शिक्षक पात्रता परीक्षेचे प्रकरण तर अधिक जिव्हारी लागणारे. इथे मोजायचे होते ते गुण, आणि ते मोजण्याचे काम होते एका कंपनीकडे. २०१९-२० च्या परीक्षेत नापास उमेदवारांना पैसे घेऊन पास केल्याच्या आरोपावरून डिसेंबर २०२१ मध्ये पुणे पोलिसांनी त्या कंपनीच्या संचालकाला अटक केली आणि पाठोपाठ परीक्षा परिषदेच्या आयुक्तांनाही. २०२२ साली साडेसात हजारांहून अधिक उमेदवारांचे निकाल रद्द झाले. खोलीत दिवा लावून वर्षभर अभ्यास केलेल्या आणि दोन गुणांनी राहिलेल्या मुलीला आता काय सांगायचे? न्यायालयात कोण दोषी ठरायचे ते ठरेल. पण ज्याने लक्ष ठेवायचे आणि ज्याच्यावर ठेवायचे, ते दोघे एकाच गुन्ह्यात आरोपी व्हावेत, यातच देखरेखीची अवस्था दिसते.

याउलट उदाहरण भिवंडीचे. या यंत्रमागांच्या गावात निम्म्याहून अधिक विजेचे पैसेच येत नसत. जानेवारी २००७ मध्ये तिथले वितरण खासगी कंपनीकडे गेले. या करारातली खुबी अशी, की शहराच्या वेशीवर महावितरणने किती वीज दिली ती तिथल्या मीटरवर मोजायची आणि तेवढ्या प्रत्येक युनिटचे ठरलेले पैसे कंपनीने भरायचे. आतली गळती हा कंपनीचा तोटा. गळती झपाट्याने उतरली, हे मान्य करावे लागेल. पण त्याच भिवंडीत भरमसाट बिलांच्या आणि वेगाने पळणाऱ्या मीटरच्या तक्रारी वर्षानुवर्षे ऐकू येतात, मोर्चे निघतात. नीट पाहिले तर कोडे सुटते. वेशीवरचे माप सरकारने आपल्या हिताचे म्हणून जपले; घरातले माप कंपनीचे, आणि त्यावर लक्ष ठेवण्यात सरकारचा थेट तोटा-फायदा काही नाही. तिजोरीसाठी जी दक्षता दाखवता येते ती ग्राहकासाठी का दाखवता येऊ नये?

कोल्हापूरकरांनी तर हा हिशेब रस्त्यावर येऊन मागितला. शहरातले सुमारे ५० किलोमीटर रस्ते बांधायचे आणि ३० वर्षे टोल घ्यायचा, असा तो करार. एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्यासारख्या ज्येष्ठांच्या नेतृत्वाखाली लोक विचारत होते, की काम किती आणि कसे झाले ते आधी मोजा. कामांचे फेरमूल्यांकन झाले ते नाके पेटून गेल्यावर. २०१५ च्या अखेरीस टोल रद्द झाला, आणि कंपनीला द्यायचा मोबदला सरकारच्या, म्हणजे सांगलीपासून गडचिरोलीपर्यंत सर्वांच्याच, खिशावर आला.

काही गोष्टी वजनात आणि युनिटांत मोजताच येत नाहीत, आणि तिथे दक्षता अधिक हवी. अंगणवाडीतल्या मुलाच्या आहारात ठेकेदार नको, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००४ मध्ये दिला. काम गावातल्या महिलांच्या हाती जावे हा हेतू. आपल्याकडे कागदावर तसे झालेही; पण निविदेच्या अटी अशा, की बचत गटांच्या बाया दाराबाहेर आणि बड्या संस्था आत. शेवटी फेब्रुवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुमारे ६,३०० कोटी रुपयांची ही कंत्राटे रद्द केली. पाकिटे किती वाटली हे मोजले जात होते. मूल ते खाते का, की ते कोंबड्यांना घातले जाते, हे अंगणवाडीताईला ठाऊक असते; पण निविदेच्या फायलीत तिचा शेरा घ्यायला रकाना नाही.

ठेकेदारांचीही एक बाजू आहे. जलजीवन योजनेची आणि इतर कामांची बिले थकल्याने २०२५ साली ठेकेदारांना राज्यभर आंदोलने करावी लागली. वर्ष-वर्ष पैसे न देणाऱ्या खात्याच्या अभियंत्याला काम निकृष्ट आहे असे ठणकावून सांगण्याचे तोंड उरत नाही, आणि मग दोन्हीकडून डोळेझाक होते. वेळेवर बिल देणे हाही देखरेखीचाच भाग आहे, हे मंत्रालयात कुणाला पटेल तेव्हा पटो.

तोवर नागरिकाच्या हाती एक गोष्ट आहे, आणि तिचा वापर फार थोडे लोक करतात. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यात नुसती कागदपत्रे मागण्याचा हक्क नाही. चालू कामाची पाहणी करण्याचा आणि वापरलेल्या साहित्याचा प्रमाणित नमुना घेण्याचाही हक्क त्याच्या दुसऱ्या कलमातच लिहिलेला आहे. तुमच्या गल्लीतल्या काँक्रीटचा नमुना मागता येतो आणि त्या कामाची एम. बी. पाहता येते. तिच्यात रस्त्याची लांबी, रुंदी आणि जाडी लिहिलेली असते. पहिल्या दोन तर घरातल्या टेपनेही मोजता येतील. अर्ज साध्या कागदावर चालतो. त्याला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावावा लागतो.