मानसशास्त्राचा पेपर आणि अठरा तासांचा अभ्यास

बारावीचा पेपर जवळ आला की अजिंठ्यात आणि आसपासच्या गावांत मुलांची जागरणे सुरू होतात. कुणी विहारात बसते, कुणी घरातले सगळे निजल्यावर स्वयंपाकघरात. कला शाखेच्या मुलांना विचारावे, मानसशास्त्र कसे चाललेय? उत्तर ठरलेले असते : 'सोपा विषय आहे, अपेक्षित पाठ केले की झाले.' आमचा आक्षेप नेमका इथे आहे. अभ्यास कसा करावा हे ज्या विषयातच सांगितले आहे, तोच विषय आपली मुले घोकून पास होतात.

हेर्मान एबिंगहाउस या जर्मन अभ्यासकाने १८८५ साली स्वतःवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरगट पाठ करायचे आणि किती दिवसांनी किती विसरले ते मोजायचे, असे ते प्रयोग. पाठ केलेले पहिल्या काही तासांतच झपाट्याने विसरते आणि एका बैठकीत रेटण्यापेक्षा मध्ये दिवस टाकून उजळणी केली तर टिकते, असे त्याला आढळले. म्हणजे बुद्धिमत्तेचे प्रकरण आज वाचावे, उद्या पुस्तक मिटून आठवेल तेवढे लिहावे, चार दिवसांनी पुन्हा लिहावे. जे आठवले नाही तेवढेच उघडून पाहावे. वाचलेली ओळ पुन्हा वाचताना सगळे येते असे वाटते. ते येते की नाही हे कोऱ्या कागदावरच कळते.

आणि झोप. दिवसा शिकलेले झोपेत पक्के होते. या वयात आठ ते दहा तास झोप लागते. इथे आम्हाला थोडे अवघड बोलायचे आहे. बाबासाहेबांच्या जयंतीला आपण अठरा तास अभ्यासाचा उपक्रम घेतो. तो वर्षातून एकदा जरूर घ्यावा. शे-दीडशे पोरे एका जागी वाचत बसलेली पाहून ऊर भरून येतो. पण परीक्षेच्या महिन्यात 'बाबासाहेब अठरा तास वाचायचे, तू दहाला झोपतोस?' असे मुलाला ऐकवणे म्हणजे त्याच्या डोक्यावर अभिवादनाऐवजी ओझे ठेवणे आहे. पुढच्या आयुष्यात मधुमेहाने आणि पायांच्या दुखण्याने बाबासाहेबांना किती छळले, हे आपण जयंतीच्या भाषणात सहसा सांगत नाही.

बुद्धिमत्तेचे प्रकरण तर आपल्या मुलांनी मार्कांपलीकडे वाचावे. आल्फ्रेड बिने याने सिमोनसोबत १९०५ मध्ये पॅरिसला पहिली चाचणी केली, ती शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना मदत मिळावी म्हणून. बुद्धी जन्मतःच ठरलेली असते, वाढत नाही, या म्हणण्याला त्याने १९०९ मध्ये उघड विरोध केला. पुढे अमेरिकेत त्याच चाचण्या माणसांची वरची-खालची प्रतवारी लावायला वापरल्या गेल्या. 'यांच्या डोक्यात अभ्यास नसतोच' हे वाक्य ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ऐकले, त्यांच्या नातवंडांना बिनेचे म्हणणे केवळ दोन मार्कांच्या टिपेपुरते माहीत असावे, हे आम्हाला पटत नाही.

भावनांचे प्रकरण शिकवायला आपल्याजवळ जी जागा आहे ती दुसऱ्या कुणाजवळ नाही. लेणी क्रमांक १६ मध्ये नंदाने प्रव्रज्या घेतल्याची वार्ता कळून ढासळलेली सुंदरी रंगवलेली आहे. झुकलेली मान, सैल पडलेले हात, सावरणाऱ्या दासींचे चेहरे. भावनेचा शरीरावर होणारा परिणाम त्या भिंतीवर आहे. मुलांना एकदा तिथे न्या, उत्तर पाठ करावे लागणार नाही.

मनोविकारांचे प्रकरण मात्र मुलांनी घरी मोठ्याने वाचावे, आई-आजीला ऐकू जाईल असे. १४ ऑक्टोबर १९५६ च्या बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांतूनही, पोरगी बोलेनाशी झाली, जेवेनाशी झाली की पहिली धाव अजून भगताकडे जाते. भूत उतरवतो म्हणून माणसाला बांधून मारणे महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. उदासीनता हा आजार आहे, त्याला औषध आहे, हे त्या मुलीच्याच भावाने पेपरात लिहिलेले असते आणि घरात तो गप्प बसतो.

पालकांना दोनच गोष्टी सांगतो. फेब्रुवारीत हरभऱ्याची काढणी असते हे आम्हाला ठाऊक आहे; तरी पेपरच्या आठवड्यात मुलीला रानातून आणि चुलीपासून मोकळी ठेवा, मुलाला ठेवता तशीच. आणि 'एवढे मार्क पडले नाहीत तर समाजात तोंड दाखवता येणार नाही' असे तिच्यापुढे बोलू नका.

परीक्षेच्या किंवा निकालाच्या दिवसांत मूल झोपत नसेल, सतत रडत असेल, मरणाच्या गोष्टी काढत असेल, तर त्याला एकटे सोडू नका. टेलि-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास फुकट मिळते, मराठीतही बोलता येते. विहाराच्या फळ्यावर वंदनेच्या वेळेखाली हा क्रमांक या आठवड्यातच लिहावा, अशी आमची प्रत्येक विहार समितीला विनंती आहे.