जिभेला बांध, शब्दांना वाट

पावसाळ्यातल्या रविवारी पौड रस्त्याने मुळशीकडे निघालेल्या मोटारींची रांग पुणेकरांना नवी नाही. ताम्हिणीचे धबधबे, गरम भजी, भाजलेली कणसे आणि डोळ्यांसमोर पसरलेले धरणाचे पाणी, एवढ्यावर मंडळी खूश असतात. हे पाणी पुढे कुठे जाते, असा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारत नाही. मुळा ही मूळची पूर्ववाहिनी नदी. पुण्यात मुठेला भेटून भीमेकडे जाणारी. मुळशीला तिचे पाणी अडवले गेले आणि सह्याद्रीच्या कड्याखाली, आजच्या रायगड जिल्ह्यातल्या भिऱ्याला उतरवले गेले. १९२७ पासून तिथे त्यावर वीज तयार होते. अडवले म्हणून ते पाणी आटले नाही. त्याला नेमकी वाट मिळाली आणि त्याच्या अंगी बळ आले.

वाणीच्या संयमाविषयी बोलताना आपण नेमके इथेच चुकतो. संयम म्हणजे गप्प बसणे, असे आपण धरून चालतो. ‘उचलली जीभ लावली टाळ्याला’ म्हणून वाचाळाला नावे ठेवतो आणि जो काहीच बोलत नाही त्याला संयमी म्हणून मोकळे होतो. ख्रिस्ती धर्मग्रंथाने या विषयाचा विचार याहून खोलवर केला आहे. नव्या करारातल्या याकोबाच्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायाचा मोठा भाग जिभेवरच आहे. तिथे घोड्याच्या तोंडातल्या लगामाचा आणि जहाजाच्या छोट्याशा सुकाणूचा दाखला दिलेला आहे. लगाम घोड्याला तबेल्यात बांधून ठेवण्यासाठी नसतो आणि सुकाणू जहाजाला बंदरात अडकवण्यासाठी नसते. दोन्ही असतात ते दिशा देण्यासाठी. त्याच अध्यायात रान पेटवणाऱ्या ठिणगीचा इशारा आहे. एकाच झऱ्यातून गोडे आणि खारे पाणी कसे निघेल, असा सवालही आहे. ज्या तोंडाने देवाची स्तुती करायची, त्याच तोंडाने त्याने घडवलेल्या माणसाला शाप द्यायचा, हे याकोबाला पटत नाही.

ही शिकवण केवळ ख्रिस्ती माणसाच्या कामाची आहे, असे नाही. गीतेच्या सतराव्या अध्यायातही दुसऱ्याला न दुखावणारे, खरे आणि हिताचे बोलणे हे वाणीचे तप म्हटले आहे. तिथेही तप आहे ते बोलण्याचेच. मात्र ख्रिस्ती घरांत या विषयाला एक खास अडचण चिकटलेली असते. एका गालावर मारले तर दुसरा पुढे करावा, ही येशूची शिकवण सगळ्यांना ठाऊक असते. तिचा सोयीस्कर अर्थ असा लावला जातो की, ख्रिस्ती माणसाने अन्यायाविरुद्ध तोंड उघडू नये.

खुद्द येशूचे वागणे काय सांगते? अटकेनंतर हेरोद राजाने त्याला पुष्कळ प्रश्न विचारले, तेव्हा त्याने एकाचेही उत्तर दिले नाही. हेरोदाला तमाशा पाहायचा होता आणि तमाशासाठी शब्द खर्च करण्याचे कारण नव्हते. पण त्याआधी, प्रमुख याजकापुढे चौकशी चालू असताना, एका शिपायाने त्याला चापट मारली होती. तिथे तो गप्प राहिला नाही. मी वाईट बोललो असेन तर ते दाखवून दे, नाहीतर का मारतोस, अशा अर्थाचा प्रश्न त्याने केला. शिवी नाही, शाप नाही, पण अन्यायाला अन्याय म्हणणे आहे. मौन कुठे आणि प्रश्न कुठे, याची पारख त्याच्यापाशी होती. संयम म्हणतात तो या पारखीला.

मुळशीच्या पाण्याचीही दुसरी बाजू आहेच. या तलावाच्या तळाशी मावळातल्या शेतकऱ्यांची भातखाचरे आणि घरे आहेत. टाटांच्या या धरणासाठी जमिनी जाणार हे दिसताच १९२१ च्या रामनवमीला इथे सत्याग्रह सुरू झाला. विनायकराव भुस्कुटे आणि पुढे सेनापती म्हणून ओळखले गेलेले पांडुरंग महादेव बापट त्यात पुढे होते. ‘जान किंवा जमीन’ ही त्या लढ्याची घोषणा. तीनच शब्द, पण त्यांत कोणाची निंदानालस्ती नाही आणि आपले म्हणणे पुरेपूर आहे. आंदोलन १९२४ पर्यंत चालले. धरण व्हायचे ते झालेच. त्या शेतकऱ्यांना कोणी वाणीच्या संयमाचा उपदेश केला असता, तर तो धर्म ठरला असता का? ज्याचे घर बुडते आहे त्याला शांत राहायला सांगणे, ही बलवानाची सोय झाली.

हीच सोय आपण घरात पाहतो. सासुरवाशिणीला ‘तू तरी समजून घे’ म्हणतात, थोरल्या मुलाचा अपमान झाला तर ‘मोठ्यांना उलटून बोलू नये’ म्हणतात, आणि मंडळीत कोणी हिशेब विचारला तर त्याला क्षमेचा पाठ वाचून दाखवतात. संयम हा ज्याने त्याने स्वतःच्या जिभेवर घालायचा लगाम आहे. दुसऱ्याच्या तोंडात तो कोंबला की त्याला मुस्कटदाबी म्हणतात.

मग खरा संयम दिसतो कसा? मुळशी आपल्या जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला. तिथून पुणे ओलांडून पूर्वेला दौंड तालुक्यात गेले की केडगाव लागते. पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन तिथले. रमाबाई गप्प बसणाऱ्या नव्हत्या. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे त्यांनी स्त्रियांसाठी शिक्षिका आणि स्त्री डॉक्टर हव्यात अशी साक्ष दिली. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा इकडे त्यांच्यावर टीकेची झोड उठली. तिकडच्या ख्रिस्ती वडीलधाऱ्यांनाही त्या सगळ्याच बाबतींत मान तुकवतील असे वाटले होते. तसे झाले नाही. आपला विवेक आपण कोणाच्या हाती सोपवणार नाही, हे त्यांनी पत्रांतून ठणकावून सांगितले. ज्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी हा वाद चालला, त्यांना रमाबाई त्याच पत्रांत ‘आजीबाई’ म्हणून हाक मारीत. मुद्द्यावर तसूभर माघार नाही आणि नात्याला ओरखडा नाही.

पुढे १८९३ मध्ये पुण्यातल्या शारदा सदनावरून वादळ उठले. मुलींना ख्रिस्ती धर्माकडे ओढले जाते, अशी टीका ‘केसरी’ने केली. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखे सल्लागार दूर झाले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंनी आपली श्रद्धा लपवली नाही आणि काम सोडले नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो निराधार मुली त्यांनी आणल्या. आयुष्याचा शेवटचा मोठा काळ त्यांनी बायबलच्या भाषांतराला दिला. साध्या बाईला कळेल असा शब्द सापडावा म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. भाषांतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. एवढ्या चिखलफेकीनंतर ज्या बाईने एकेक शब्द तोलण्यात वर्षे घालवली, तिच्याकडून वाणीचा संयम शिकावा.

दुसरे उदाहरण घरातले आहे, म्हणून अधिक जवळचे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंच्या संसाराची घडी विस्कटली. काही वर्षे पती-पत्नी वेगळे राहिले. १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनीही तो धर्म स्वीकारला. टिळक तापट, लहरी, हातचे देऊन टाकणारे. हे सगळे ‘स्मृतिचित्रे’त आहे. लक्ष्मीबाईंनी काही झाकले नाही. तरीही पुस्तक मिटताना वाचकाला टिळकांविषयी माया वाटते. कारण त्यांच्या सांगण्यात सूड नाही. स्वतःवरही हसणारा मिस्किलपणा आहे. खरे बोलायचे, पण विष कालवायचे नाही, हे लिहायला सोपे. ज्या माणसामुळे डोळ्यांतून पाणी आले त्याच्याविषयी ते करून दाखवणे अवघड.

आजच्या घरांत ही कसोटी रोज लागते. पूर्वी रागाने पत्र लिहिले तरी पाकीट, तिकीट आणि टपालपेटीपर्यंतची चाल एवढा अवकाश मिळे. तेवढ्यात राग निवळे. आता व्हॉट्सॲपच्या गटावर अंगठा टेकला की शब्द पन्नास घरांत पोहोचतो. चुलत्यांच्या वाटणीचा विषय असो, मंडळीच्या निवडणुकीचा असो की लग्नातल्या मानपानाचा, एका ओळीने दहा वर्षांचे येणे-जाणे बंद होते. माणूस प्रत्येक वायफळ शब्दाचा हिशेब देईल, असे मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू बजावतो. ते वचन फोनच्या पडद्यावर चिकटवून ठेवण्याजोगे आहे.

ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांत अनेक ख्रिस्ती कुटुंबांत मांस-मासळी वर्ज्य असते. त्या ताटाला जोडून जिभेचाही एक उपवास घरोघरी करता येईल. जो समोर नाही त्याची उणीदुणी जेवताना काढायची नाहीत. रागाचे उत्तर त्याच रात्री पाठवायचे नाही. मुलांना रागवायचे ते त्यांच्या कृतीवर. ‘तू असाच’ असा शिक्का मारायचा नाही. शब्द गेलाच, तर ‘चुकलो’ म्हणायला वडिलकी आड येऊ द्यायची नाही. आणि घरात कोणावर अन्याय होत असेल, तर त्या दिवशी मौनाचे पुण्य पदरात घेऊन बसायचे नाही. आवाज न चढवता, नाव घेऊन, समोरासमोर बोलायचे.

यातले शेवटचे सर्वांत कठीण. जी जीभ बाकीच्या दिवशी भलतीकडे खर्च झालेली नसते, तिच्याच त्या दिवशीच्या बोलण्याला वजन येते. घरातली माणसे मग ऐकतात.